कानेंबू बायांचे हिरवे सालन

आफ्रिकेतील चाड सरोवराच्या ईशान्येला कानेंबू नावाचे मुसलमान लोक राहतात. मुलुख वाळवंटी. कोसोरोमसारख्या तिथल्या लहान तळ्यांचे पाणी इतके सोड्याचे की पिण्याला नाही आणि शेतीलाही नाही. पण त्याच पाण्यावर हिरवी साय धरते. बाया ती भांड्यांनी गोळा करतात, पाणी गाळून वाळूतल्या उथळ खळग्यांत ओततात. उरलेले पाणी वाळू शोषते, ऊन बाकीचे काम करते आणि वड्या तयार होतात. त्यांना ‘दिहे’ म्हणतात. हे काम फक्त बायांचे. पुरुष पाण्यात उतरला तर तळे वांझ होते अशी तिथली समजूत. घरी वडी कुटून मिरची-टोमॅटोच्या सालनात टाकतात आणि बाजरीच्या घट्ट लापशीबरोबर खातात. एका कोसोरोम तळ्यातून वर्षाला सुमारे 40 टन दिहे निघाल्याची नोंद आहे.

1964-65 मध्ये बेल्जियमचे वनस्पतिशास्त्रज्ञ लेओनार तिथे गेले. त्यांनी या वड्या तपासल्या, तर ते स्पिरुलिना नावाचे सूक्ष्म शेवाळ निघाले. (काटेकोर बोलायचे तर हा एक जिवाणू आहे, पण शेवाळ हेच नाव रूढ झाले.) सुकल्यावर त्याच्या वजनाचा 60 ते 70 टक्के भाग प्रथिनांचा असतो. त्याला सुपीक जमीन लागत नाही, खारट पाणी चालते आणि ते झपाट्याने वाढते. म्हणूनच जगाचे लक्ष त्याकडे गेले. आपल्याकडे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनेही त्यावर काम केले आहे.

आता आपल्या दुकानातल्या डबीकडे वळू. वर्गातल्या अशक्त मुलींच्या आया मला तिच्याबद्दल विचारतात. हिशेब सोपा आहे. 500 मिलिग्रॅमच्या दहा कॅप्सूल म्हणजे 5 ग्रॅम पूड, त्यात प्रथिने जेमतेम 3 ग्रॅम. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम असतात! कॅप्सूलचे कवच पुष्कळदा जिलेटिनचे असते, ते कशाचे हेही विचारून घ्यावे. त्यातले बहुतेक बी-12 आपल्या शरीराला लागू पडत नाही. शिवाय घाण पाण्यात वाढवलेल्या मालात विषारी शेवाळ मिसळण्याचा धोका असतो, म्हणून तपासणी न झालेला सुटा माल मुलांना देऊ नये.

कानेंबू बाई दिहे औषध म्हणून देत नाही, ती त्याचे सालन करते. आपल्याकडेही शेवाळाची पूड डाळीच्या भावात मिळू लागली तर तिचा विचार करता येईल. तोवर डबीच्या पैशांत महिन्याची अंडी आणि मसूर येते.