पाचशेव्या रेघेनंतर

वर्गात मी संगणकावर १००० ठिपके मांडते. संगणक त्यातले कुठलेही दोन उचलतो आणि रेघेने जोडतो, पुन्हा पुन्हा. ४०० रेघांपर्यंत नुसती फुटकळ टोळकी. मुलं जांभया देतात. ५०० ओलांडल्या की चित्र पालटतं. ६०० रेघांना सुमारे ३०० ठिपके एकाच जाळ्यात, १००० रेघांना जवळपास ८००! रेघा ठिपक्यांच्या निम्म्याहून वाढल्या की हे महाजाळं उगवतं, असं पॉल एर्दोश आणि आल्फ्रेद रेन्यी या हंगेरियन गणितींनी १९६०च्या निबंधात दाखवलं. शेवटचे एकांडे ठिपके मात्र महाचिवट. त्यांना ओढून आणायला साधारण ३,४५० रेघा लागतात.

“माणसं अशी चिठ्ठ्या टाकून मैत्री करतात का?” मुलं विचारतात. नाहीच करत. मित्राचा मित्र बहुधा आपलाही मित्र असतो. या गणिताला ते ठाऊक नसतं.