गाडी उभी असते हवेवर

नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडणारी थार माणसं आणि सामानासकट वजनकाट्यावर चढवली, तर काटा दोन हजार किलोंच्या आसपास जाईल. हे वजन पेलतं कोण? टायर, असं आपण पटकन म्हणतो. पण पंक्चर झालेला टायर सगळ्यांनी पाहिला आहे. नुसतं रबर काही पेलत नाही, ते मुकाट खाली बसतं. गाडी उभी असते ती आतल्या हवेवर. आणि तीसुद्धा केवढ्याशा जागेवरून! टायरमधली हवा असते ३२ पीएसआयच्या आसपास, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण सव्वादोन किलोचा दाब. एका चाकाच्या वाट्याला पाचशे किलो आले, तर जमिनीला टेकलेली जागा भरते जेमतेम २२० चौरस सेंटिमीटर, आपल्या उघड्या पंजापेक्षा थोडी मोठी. असे चार पंजे टेकवत दोन टनांची गाडी महामार्गावर शंभरच्या वेगाने पळत असते.

खरी जादू याच भागाकारात आहे. दाब निम्मा केला की टेकलेली जागा जवळजवळ दुप्पट होते. टायरच्या बाजूंचा ताठपणाही थोडा भार उचलतो, म्हणून हिशेब अगदी काटेकोर नाही. पण गाडी, टायर, इंजिन सगळं तेच ठेवून नुसती हवा कमी केली, की जमिनीवरचा भार पसरतो. विशेष म्हणजे टायर रुंदीला फारसा वाढत नाही, वाढतो तो लांबीला. जैसलमेरच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर समचे वाळूचे डोंगर आहेत. तिथे ३२ पीएसआयचा टायर वाळूत रुततो आणि त्याच्यापुढे वाळूचा बांध तयार होतो. चाक तो बांध चढायला बघतं, तेवढ्यात नवा बांध उभा राहतो. एक्सलरेटर दाबावा तसतसा खड्डा खोल जातो. हवा पंधरा-सोळावर आणली की तोच टायर लांबट पसरतो, वाळू दाबत वर राहतो आणि गाडी निघते.

हे तंत्र रुळवलं राल्फ बॅग्नॉल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने. फोर्डच्या ‘मॉडेल ए’ गाड्या घेऊन त्याने १९३० च्या सुमारास इजिप्त-लिबियाच्या वाळूच्या समुद्रात मोहिमा काढल्या. आजच्यासारखी चारही चाकांना ताकद देणारी ती गाडी नव्हती. चाकाखाली घालायला लोखंडी पट्ट्या आणि टायरमधली कमी केलेली हवा यांच्या जोरावर त्याने जायला अशक्य मानलेला मुलूख पार केला. पुढे वाळू वाऱ्याने कशी हलते यावर त्याने लिहिलेलं पुस्तक १९४१ मध्ये निघालं. मंगळावर क्युरिऑसिटी यानाने ज्या वाळूच्या टेकड्या जवळून तपासल्या, त्यांना आज बॅग्नॉल्डचंच नाव आहे.

हवा सोडायला काहीच लागत नाही. व्हॉल्व्हची टोपी काढायची, मधली बारीक पिन काडीने दाबायची, की फुस्स! पंचाईत होते ती डांबरी रस्त्याला लागल्यावर. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात चेपतो आणि सुटतो. वेग वाढला की या चेपण्याने रबर तापतं, आतले थर सुटू लागतात आणि टायर फुटू शकतो. जोरात वळण घेतलं तर टायरची कड रिमवरून निसटायची भीती वेगळीच. जवळचा पेट्रोल पंप तीस किलोमीटरवर असेल, तर तिथवर रखडत जाणं जोखमीचं. म्हणून अनुभवी माणसं सांगतात, हवा परत भरायची सोय जवळ असेल तरच सोडा.

मग सोय कोणती घ्यावी? दुकानात हवेच्या पंपांच्या खोक्यांवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, १५० पीएसआय, ३०० पीएसआय. वाचून हुरळून जाऊ नये. आपल्याला पोचायचंय जास्तीत जास्त पस्तीसपर्यंत. चिमुकला पंपही एवढा दाब गाठू शकतो, प्रश्न आहे किती वेळात. तेव्हा आकडा बघायचा तो लिटरचा.

तो कसा काढायचा? समुद्रसपाटीला आपल्याभोवतीच्या हवेचा दाब असतो १४.७ पीएसआय. १६ वरून ३२ वर जायचं, म्हणजे टायरमध्ये साधारण एका वातावरणाची भर घालायची. थोडक्यात, टायरच्या पोटात मावेल तेवढी बाहेरची हवा आणखी एकदा कोंबायची. थारच्या अठरा इंची रिमवरच्या टायरचं पोट असतं सत्तरेक लिटरचं. एका टायरला पंचाहत्तर धरले, तर चार टायरना झाले तीनशे लिटर. आता मिनिटाला बारा लिटर देणारा पंप घेतला तर लागतील पंचवीस मिनिटं, चाळीस लिटरच्या पंपाला साडेसात. मात्र खोक्यावर लिटर छापलेले असले, तरी ते बहुधा समोर काहीच दाब नसतानाचे असतात. टायर भरत जातो तसा पंपाचा वेग उतरतो.

पंपाच्या पोटातला प्रकार तर आणखी विलक्षण. छोटी मोटर, तिला जोडलेला दट्ट्या, आणि पोलादी पातीची झडप. दट्ट्या मागे गेला की हवा आत, पुढे गेला की हवा नळीत. हवा झपाट्याने दाबली की ती तापते. तीस अंशांची हवा ३२ पीएसआयपर्यंत दाबली आणि उष्णतेला बाहेर पडू दिलं नाही, तर हिशेबाने ती १४० अंशांच्या पुढे जाते, पाणी उकळण्याच्या कितीतरी वर! त्यात वाळवंटातली हवा मुळातच तापलेली. म्हणून पंपावर ‘ड्युटी सायकल’ लिहिलेली असते. ३३ टक्के म्हणजे दहा मिनिटं काम केलं की वीस मिनिटं विसावा. चारही टायर एका दमात भरायचे तर हा आकडा लिटरइतकाच मोलाचा. गरम झाल्यावर आपोआप बंद पडणारा पंप त्यातल्या त्यात शहाणा. पंपाला जोडलेला नळीचा पहिला भाग धातूच्या जाळीचा असला तर उत्तम, कारण सगळ्यात तापलेली हवा तिथूनच जाते.

विजेचंही गणित बघावं. सिगारेट लायटरच्या सॉकेटला बहुधा दहा-पंधरा अँपिअरचा फ्यूज असतो, म्हणजे १२ व्होल्टला फार तर एकशे ऐंशी वॉट. त्याहून दणकट पंप तिथे लावला की फ्यूज उडालाच. मोठे पंप चिमट्यांनी थेट बॅटरीला जोडतात, तेही इंजिन चालू ठेवून. चार्जिंगवर चालणारे हातातले पंप सुटसुटीत असतात, गावात दोन-चार पीएसआय वाढवायला छान. पण चार मोठे टायर भरता भरता त्यांची बॅटरी मान टाकते. पायपंप कधी दगा देत नाही, पण तीनशे लिटर पायाने कोंबून बघावेत म्हणजे मोटरची किंमत कळते.

परदेशात काही जण कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नेतात. हा वायू दाबाखाली द्रव होतो आणि त्याच्या एका किलोतून पाचशेहून जास्त लिटर वायू निघतो. आपल्या चार टायरना जेमतेम सहाशे ग्रॅम पुरे! मोटर नको, बॅटरी नको, टायर मिनिटभरात टच्च. पण निसर्गाने इथे एक मेख मारून ठेवली आहे. ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड कितीही दाबला तरी द्रव राहतच नाही आणि बंद सिलिंडरमधला दाब भराभर चढतो. राजस्थानच्या उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत हा पाहुणा न ठेवलेलाच बरा.

लडाखला निघालात तर आणखी एक चमत्कार भेटतो. मुंबईत ३२ वर भरलेला टायर लेहला ३७ दाखवू शकतो, आत हवेचा एक कणही न घालता. गेज मोजतो तो आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक. साडेतीन हजार मीटरवर बाहेरचाच दाब पाचेक पीएसआयने घटलेला असतो. थंडी उलट बाजूने ओढते, पारा वीस अंश उतरला की तीनेक पीएसआय कमी होतात. खारदुंग ला खिंडीत हवा मुंबईच्या मानाने जवळपास निम्मीच, म्हणजे दट्ट्याच्या प्रत्येक फेरीत निम्माच माल. जो टायर खाली दोन मिनिटांत भरतो, त्याला वर चार लागतात आणि पंपही जास्त तापतो. डोंगरात जाणाऱ्याने म्हणूनच पंप एक पायरी मोठा घ्यावा.

चालकाने बसल्या जागी टायरची हवा कमी-जास्त करण्याची सोय दुसऱ्या महायुद्धातल्या ‘डक’ या अमेरिकी ट्रकमध्ये होती. १९४२ पासून बनलेला हा सहाचाकी गडी पाण्यात पोहायचा आणि हवा कमी करून किनाऱ्याची वाळू चढायचा. आपल्याला एवढा थाट नको. वाळू, चिखल, दगडधोंड्यांत अधूनमधून जाणाऱ्याला बॅटरीला थेट जोडायचा मध्यम पंप, मागच्या चाकापर्यंत पोचणारी नळी आणि एक वेगळा, विश्वासाचा गेज एवढं पुष्कळ झालं. दुकानदार ३०० पीएसआयची तारीफ करू लागला, तर त्याला फक्त एवढंच विचारा: “तीस पीएसआयला हा मिनिटाला किती लिटर देतो, आणि न थांबता किती मिनिटं?”