वळचणीवरचा बर्फ आणि पोटमाळ्यातील ऊब

छप्पर गळू लागले की आपल्याकडे मनुष्य प्रथम कौलांकडे पाहतो. मृगापूर्वी घर शाकारून घेण्याचा कोकणातील परिपाठ त्यातूनच आला. कॅनडात किंवा अमेरिकेच्या मिनेसोटासारख्या उत्तरेकडील राज्यांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मात्र हिवाळ्यात एक चमत्कारिक अनुभव येऊ शकतो. बाहेर कडाक्याची थंडी, पावसाचा थेंब नाही; तरीही भिंतीलगत छतातून पाणी ठिबकू लागते. वर चढून पाहावे तर छपराला भोकही नसते. ह्या गळतीचे मूळ बहुधा छपराखालच्या उबेत असते.

घर तापविलेले असल्यामुळे आतील उबदार हवा छतातील फटींतून पोटमाळ्यात शिरते व छपराला तळाकडून तापविते. वर साचलेल्या भुसभुशीत हिमात हवा कोंडलेली असते, त्यामुळे ते रजईसारखे काम करते आणि ही ऊब बाहेर निसटू देत नाही. हिमाचा तळचा थर वितळतो व पाणी उतारावरून वळचणीकडे येते. वळचण भिंतीच्या बाहेर आलेली. तिच्याखाली घराची ऊब पोहोचत नाही. तेथे ते पाणी पुन्हा गोठते. असा बर्फाचा बांध वाढत गेला म्हणजे मागचे पाणी त्याच्याआड तुंबते. छपरावरील आच्छादन वरून खाली वाहणाऱ्या पाण्यासाठी रचलेले असते. तुंबून उलट वर चढणाऱ्या पाण्यापुढे त्याचा इलाज चालत नाही. फळ्या कुजतात, भिंतीत बुरशी धरते, आणि पोटमाळ्यातील उष्णतारोधक थर भिजल्याने ऊब अधिकच वर जाऊ लागते. चित्रांत शोभून दिसणाऱ्या बर्फाच्या लांबलचक पागोळ्या पुष्कळदा ह्याच दोषाची खूण असतात.

म्हणून कुऱ्हाड घेऊन बर्फ फोडावयास छपरावर चढणे हा उपाय नव्हे. त्यात आच्छादन फुटते आणि माणूस घसरून पडण्याचे भय असते. एक घनमीटर बर्फाचे वजन ९०० किलोग्रॅमहून अधिक भरते, हेही खाली उभे राहणाऱ्याने विसरू नये. तातडीच्या वेळी जमिनीवर उभे राहून, विजेच्या तारा टाळून, लांब दांड्याच्या दाताळ्याने वळचणीजवळचे हिम ओढून काढावे. कॅल्शियम क्लोराइड भरलेला कापडी मोजा बांधावर आडवा ठेवल्यास पाण्याला वाट मिळते. साधे मीठ वापरू नये. ते पत्रा व खिळे गंजविते आणि खालची झाडे मारते.

खरे काम हिवाळ्यापूर्वीचे आहे. धुराडे, दिव्यांची भोके, पोटमाळ्याचे झाकण ह्यांभोवतीच्या फटी प्रथम बुजवाव्यात; धुराड्याजवळ न जळणारेच साहित्य वापरावे. न्हाणीघरातील पंख्याची दमट हवा पोटमाळ्यात न सोडता थेट बाहेर न्यावी. त्यानंतर काचलोकरीचा पुरेसा जाड थर पसरावा. पुष्कळजण हा थर आधी टाकतात व फटी तशाच ठेवतात, तेव्हा खर्च होऊनही गळती राहते. वळचणीखालून थंड हवा आत यावी व आढ्याजवळून बाहेर पडावी अशी वाटही मोकळी हवी.

घराची परीक्षा रस्त्यावरूनही करता येते. हिमवर्षावानंतर दोन-तीन दिवसांनी आळीतील छपरे पाहावीत. ज्यावर हिम सर्वत्र सारखे टिकून आहे, त्या घराचा पोटमाळा थंड आहे. ज्याचे आढे लवकर उघडे पडले, तेथे फटी शोधाव्यात.