निकाल लागल्यानंतरचे प्रश्न

परीक्षेचा निकाल जाहीर झाला, गुणपत्रिका घरोघर पोहोचल्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत शाळेचे दप्तर आवरावयास घेतले, की ज्या वस्तूला कोणी वाली उरत नाही ती वस्तू म्हणजे प्रश्नपत्रिका. उत्तरपत्रिका नियमाप्रमाणे काही काळ सांभाळाव्या लागतात, निकालपत्रक तर कायमच्या दप्तरात दाखल होते. परंतु ज्या कागदाने हा सारा व्यवहार घडवून आणला, त्याचे सुतळीने बांधलेले गठ्ठे कपाटाच्या तळाशी पडून राहतात आणि यथावकाश रद्दीत जातात. विज्ञानाचा शिक्षक म्हणून माझी हयात ज्या गठ्ठ्यांच्या सहवासात गेली, त्यांतील काही मी निवृत्तीच्या वेळी केवळ ममत्वाने घरी आणले. त्यांचा पुन्हा काही उपयोग होईल अशी कल्पना त्या वेळी मनात नव्हती. गेल्या दोन वर्षांत मात्र त्या प्रश्नांना संगणकावर बसवून, त्यांपासून विद्यार्थ्याला स्वतः हाताळता येतील असे अभ्यासाचे उपक्रम तयार करण्याचा छंद मला जडला आहे, आणि त्या कामात जे हाती लागले ते वाचकांपुढे रुजू करावे असे वाटते.

परीक्षेतील प्रश्न हा मुळात पंचासारखा असतो. तो ऐकून घेतो, निवाडा देतो आणि उठून जातो. तीन गुणांपैकी दोन मिळाले एवढे विद्यार्थ्याला कळते; तिसरा कोणत्या समजुतीपायी गेला याचा खुलासा प्रश्नपत्रिका करीत नाही, आणि तो करणे हे तिचे कामही नव्हे. तोच प्रश्न अभ्यासासाठी वापरावयाचा, तर निवाडा दिल्यानंतर त्याने तेथेच थांबले पाहिजे आणि जो चुकला त्याच्याशी बोलले पाहिजे. रंग, हालती चित्रे, टाळ्यांचे आवाज ही सारी संगणकाची सजावट पुष्कळ मुलांना आवडते हे मला मान्य आहे. परंतु प्रश्नाचे रूपांतर घडते ते या संभाषणात.

या कल्पनेचा उगम संगणकाच्या पुष्कळ आधीचा आहे. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठातील मानसशास्त्राचे अध्यापक सिडनी प्रेसी यांनी एक लहानसे यंत्र तयार केले आणि १९२६ मध्ये त्याची हकीकत प्रसिद्ध केली. यंत्राच्या खिडकीत प्रश्न व त्याचे चार पर्याय दिसत, बाजूला चार कळा असत. विद्यार्थी कोणतीही कळ दाबो, पुढचा प्रश्न खिडकीत येई आणि बरोबर उत्तरांची मोजदाद यंत्र आपोआप करी. एवढ्यावर ते केवळ परीक्षेचे यंत्र राहिले असते. परंतु त्याला एक लहानसा दांडा होता, आणि तो वळवला की योग्य कळ दाबली जाईपर्यंत यंत्र जागचे हलत नसे. प्रश्न तेच, पर्याय तेच, कळाही त्याच. पण त्या दांड्याने यंत्राचा धर्मच पालटून टाकला. आज ज्यांना आपण अभ्यासाची सॉफ्टवेअरे म्हणतो ती किती का प्रगत असेनात, त्यांच्या अंतरंगात प्रेसींचा तो दांडाच बसविलेला आहे असे मला वाटते. पुढे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५० नंतरच्या दशकात आपली शिक्षणयंत्रे रचताना पर्याय निवडण्याची पद्धतच नाकारली. विद्यार्थ्याने उत्तर स्वतः रचून लिहावे, असा त्यांचा आग्रह होता. हा वाद अद्याप मिटलेला नाही, आणि तो मिटू नये असेच मला वाटते.

प्रश्न विचारल्याने खरोखर शिकणे घडते काय, ही शंका रास्त आहे. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना गद्य उतारे वाचावयास दिले. नंतर काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांची सरशी झाली; त्यांना ८१ टक्के आठवत होते, तर लिहिणाऱ्यांना ७५ टक्के. परंतु आठवड्याने तपासणी झाली तेव्हा पारडे फिरले : पुन्हा वाचणाऱ्यांच्या स्मरणात ४२ टक्के उरले होते आणि आठवून लिहिणाऱ्यांच्या स्मरणात ५६ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री वही पुनःपुन्हा चाळणाऱ्या विद्यार्थ्याला आपली तयारी झाल्यासारखे का वाटते, आणि पुढच्या इयत्तेत तोच विषय आला की सारे कोरे का भासते, याचा उलगडा या आकड्यांत आहे.

तथापि प्रश्नाला एक दोषही चिकटलेला असतो. बहुपर्यायी प्रश्नातील चुकीचे पर्याय मुद्दाम पटण्याजोगे लिहिलेले असतात. ते वाचून, त्यांतील एखादा निवडून आणि आपण चुकलो हे न कळताच उठणारा विद्यार्थी ती चूक ज्ञान म्हणून घरी घेऊन जातो. रोडिगर आणि एलिझाबेथ मार्श यांनी २००५ मध्ये हे दाखवून दिले, आणि उत्तरानंतर लगोलग योग्य माहिती मिळाली तर हा अपाय कमी होतो हेही पुढील संशोधनात सिद्ध झाले. म्हणून जुनी प्रश्नपत्रिका जशीच्या तशी पडद्यावर चढवून शेवटी केवळ एकूण गुण दाखविणारे जे उपक्रम सर्रास पाहावयास मिळतात, त्यांविषयी माझे मत प्रतिकूल आहे. त्यांत कागद वाचतो, एवढेच.

माझ्या गठ्ठ्यातील एक प्रश्न असा होता : पाण्याची घनता कोणत्या तापमानास सर्वाधिक असते? पर्याय चार : ०, ४, ३७ आणि १०० अंश सेल्सिअस. शेजारी दहावीत शिकणारी एक मुलगी आहे. तिला मी तो तोंडी विचारला. तिने क्षणाचाही विलंब न लावता शून्य अंश सांगितले. का म्हणून विचारता ती म्हणाली, "शून्याला बर्फ होतो ना आजोबा, आणि बर्फ घट्ट असतो." मी काही बोललो नाही, स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला आणि बर्फाचा खडा आणून तिच्यापुढे ठेवला. खडा पाण्यात पडला, बुडाला, वर आला आणि आपला थोडासा माथा बाहेर काढून तरंगू लागला. ती त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे घट्ट असणं वेगळं आणि घनता वेगळी." एवढी वर्षे हा प्रश्न मी तपासत आलो, शून्य अंशावर फुली मारताना त्या फुलीखाली इतका सयुक्तिक विचार दडलेला असेल हे माझ्या ध्यानात क्वचितच आले. उलट ३७ अंशांचा पर्याय मी अनेकांना दाखवून पाहिला, तो कोणीच निवडीना. चाराची संख्या भरावी एवढ्यासाठीच तो घातला होता हे उघड होते. असा निर्जीव पर्याय मी काढून टाकतो. ज्या चुकीमागे समजूत नाही, तिच्याशी संभाषण तरी कसले करावयाचे?

हे संभाषण संगणकाला समजेल अशा रीतीने लिहिण्याची युक्ती आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डूगियामास यांनी तयार केलेली आणि २००२ मध्ये प्रथम खुली झालेली 'मूडल' ही प्रणाली जगभरच्या विद्यापीठांत वापरली जाते. तिच्यात प्रश्न भरण्याची 'गिफ्ट' नावाची एक धाटणी आहे, जिला साध्या मजकुराच्या फाइलीपलीकडे काही लागत नाही. प्रश्न लिहावा, महिरपी कंस उघडावा, बरोबर पर्यायाआधी बरोबरीचे चिन्ह, चुकीच्या पर्यायाआधी नागमोडी रेघ, आणि त्या पर्यायाविषयी जे सांगावयाचे त्याआधी हॅशचे चिन्ह द्यावे. माझ्या प्रश्नाचा पहिला मसुदा असा होता :

पाण्याची घनता कोणत्या तापमानास सर्वाधिक असते? { ~० अंश #बर्फ पाण्यावर तरंगतो, म्हणजे त्याची घनता पाण्याहून कमी आहे; योग्य उत्तर ४ अंश. =४ अंश #बरोबर. यापेक्षा थंड केल्यास पाणी प्रसरण पावते. ~१०० अंश #तापवल्यावर पाण्याचे आकारमान वाढते. मग घनतेचे काय होईल? }

'ऐकेन' नावाची दुसरी धाटणी याहून सोपी आहे : प्रश्न, पर्याय आणि शेवटी योग्य पर्यायाचे अक्षर. शेकडो प्रश्न झपाट्याने भरावयाचे असतील तर ती सोयीची. परंतु चुकीच्या पर्यायाला उद्देशून काही सांगण्यास तिच्यात जागाच नाही, म्हणून मी तिच्या वाटेस जात नाही.

आपल्या प्रश्नपत्रिकांतील इतर प्रकारांचे रूपांतर कमीअधिक सुलभ आहे. कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठात तयार झालेल्या 'हॉट पोटॅटोज' या संचात रिकाम्या जागा, जोड्या, शब्दकोडे आणि विस्कळीत वाक्यांची जुळणी यांसाठी निरनिराळ्या आज्ञावली होत्या. नॉर्वेहून आलेल्या 'एच-फाइव्ह-पी'मध्ये शब्द बोटाने सरकवून आकृतीवर नेमक्या ठिकाणी ठेवता येतात. 'जोड्या लावा'मध्ये दोन्ही स्तंभांत सारख्याच नोंदी असल्या तर शेवटची जोडी विचार न करताच जुळते, यासाठी उजवीकडे एक जादा नोंद घालावी. पर्यायांची अदलाबदल संगणक आपोआप करतो हे सोयीचे आहे खरे. परंतु 'वरीलपैकी सर्व' हा पर्याय त्या अदलाबदलीत सर्वांच्या वर जाऊन बसला, तर प्रश्नाचा अर्थच नाहीसा होतो. असे प्रश्न आधी हुडकून त्यांची वाक्यरचना बदलणे भाग पडते.

खरी कसोटी लागते ती आपल्या लिपीपाशी. जुन्या काळी छापखान्यातील संगणकांवर मजकूर जुळवीत तेव्हा देवनागरी अक्षरांच्या आकृत्या रोमन अक्षरांच्या जागी बसविलेल्या असत. त्या फाइलीतील मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला की रोमन अक्षरांची निरर्थक रांग हाती येते. कागदाचे छायाचित्र घेऊन त्यावरून अक्षरे ओळखणारी साधने आता उपलब्ध आहेत आणि त्यांचा मला फार उपयोग झाला. मात्र पुसट छपाईत 'घ' व 'ध', 'भ' व 'म' यांची गल्लत होते. माझ्या पहिल्याच पानावर 'पाण्याची धनता' आणि 'विद्युतमार' असे शब्द अवतरले होते. डोळ्यांत तेल घालून मुद्रिते तपासण्याची जुनी विद्या येथे पुन्हा कामास येते.

त्याहून सूक्ष्म अडचण टंकलिखित उत्तराची. 'पवनऊर्जा केंद्रात ______ गतिज ऊर्जेचे रूपांतर विद्युत ऊर्जेत होते' या रिकाम्या जागेत त्या मुलीने 'वाऱ्याच्या' असे अचूक लिहिले, आणि संगणकाने ते चूक ठरविले. पडद्यावर तिचा शब्द आणि माझा शब्द शेजारी ठेवून पाहिले; तसूभरही फरक दिसेना. फरक होता तो आतल्या संकेतांकांत. ज्या अर्ध्या 'ऱ'ला आपण वाऱ्यात, दऱ्यांत, किनाऱ्यावर भेटतो, तो युनिकोडमध्ये निरनिराळ्या मार्गांनी साकारता येतो : स्वतंत्र 'ऱ'ला हलन्त जोडून, 'र'खाली नुक्ता देऊन त्याला हलन्त जोडून, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पहिले दोन मार्ग युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनी एकरूप होतात, तिसरा होत नाही. कळफलक बदलला की मार्ग बदलतो, आणि शुद्ध लिहिणारे मूल नापास होते. यावर उपाय म्हणजे उत्तराची सर्व रूपे ग्राह्य म्हणून नोंदविणे. त्याच ओघात '४' आणि इंग्रजी आकड्यातला '4' हे दोन्हीही ग्राह्य धरावेत. मराठी उपक्रम तयार करणाऱ्या प्रत्येकाने ही तसदी घेतलीच पाहिजे असे मी आग्रहाने म्हणेन, कारण आपले बरोबर उत्तर यंत्राने विनाकारण चूक ठरविलेले पाहून मुलाचा विश्वास उडतो तो यंत्रावरून नव्हे, स्वतःवरून.

'शास्त्रीय कारणे लिहा' हा प्रकार यंत्राच्या स्वाधीन करावा की नाही याविषयी मी दीर्घकाळ साशंक होतो. थंड प्रदेशात तलावाचा पृष्ठभाग गोठला तरी मासे जिवंत राहतात, या विधानाचे कारण म्हणजे घटनांची एक साखळी आहे : पृष्ठभागाचे पाणी थंड होऊन जड होते आणि तळाशी जाते, सारा तलाव ४ अंशांवर येईपर्यंत हे चालते, त्याहून थंड झालेले पाणी हलके असल्याने वरच राहते आणि गोठते, बर्फ उष्णतेचा दुर्वाहक असल्याने खालच्या पाण्याची उष्णता सहजी बाहेर पडत नाही. ही विधाने सुटी करून, त्यांचा क्रम मोडून विद्यार्थ्यापुढे ठेवली की त्याला कार्यकारणाचा विचार करावाच लागतो. मात्र 'त्यामुळे', 'नंतर', 'अखेरीस' हे शब्द आधी काढून टाकावेत. ते राहिले तर मुले विज्ञान बाजूस ठेवून व्याकरणाच्या आधारे क्रम लावतात, आणि तोही बिनचूक. क्रम जुळल्यावर पडदा मिटवून तेच कारण कागदावर आपल्या शब्दांत लिहावयास मी सांगतो. ते लेखन मी स्वतः वाचतो. अशा मजकुराचे मूल्यमापन करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने निघाली आहेत, आणि खुलाशांचा कच्चा मसुदा करण्यास ती उपयोगी पडतातही. परंतु मुलाच्या एका वाक्यात अडखळलेला विचार शोधून काढणे हे काम मी तूर्त कोणाकडे सोपवू इच्छीत नाही.

गेल्या आठवड्यात घनतेचा तो उपक्रम पूर्ण करून मी त्या मुलीला दिला आणि मुद्दाम चुकीचे पर्याय दाबून पाहावयास सांगितले. शून्य अंशावरचा माझा खुलासा तिने वाचला आणि तिची मुद्रा जराशी हिरमुसली. "आजोबा, तुम्ही तर इथं उत्तरच सांगून टाकलंत," ती म्हणाली. "मला नव्हतं सांगितलं. मला तुम्ही बर्फ आणून दिला होता." तिचे म्हणणे निर्विवाद होते. मी तो खुलासा खोडला आणि हॅशच्या चिन्हापुढे, तिच्या देखत, नव्याने लिहिले : एका पेल्यात पाणी घे, त्यात बर्फाचा खडा टाक, तो कोठे राहतो ते पाहा आणि मग पुन्हा उत्तर दे.