सायकल आणि जांघेचें रक्षण

विद्यार्थ्यांस सायकलीइतका विश्वासू सोबती दुसरा क्वचितच मिळेल. पूर्वीच्या मराठींत जिला ‘पायगाडी’ म्हणत, ती आज यवतमाळ जिल्ह्याच्या खेड्याखेड्यांत पोंचली आहे. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींनाहि सायकली मिळतात. आणि शाळेच्या वेळीं पांदणीनें व डांबरी सडकेनें मुलामुलींच्या सायकलींच्या रांगा दिसतात. परंतु जें वाहन आपणांस शाळेंत पोंचवितें, तेंच निष्काळजीपणें वापरल्यास शरीराच्या एका अतिशय नाजूक भागास इजा करतें. हा भाग म्हणजे जांघ आणि दोन्ही मांड्यांमधील प्रदेश. गुडघा फुटला तर मुलगा घरीं येऊन दाखवितो. येथें लागलें तर मात्र तो मान खालीं घालून गप्प बसतो. म्हणूनच हा विषय सभ्यपणें, पण स्पष्टपणें, एकदां समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम शरीराची रचना पाहूं. आपण पाटावर ताठ बसलों म्हणजे धडाचा भार कमरेच्या हाडांच्या खालच्या दोन टोकांवर पडतो. बसतांना खालीं हात ठेवून पाहिल्यास हीं टोकें हातास लागतात. बैठकीचा भार सोसण्यासाठीं निसर्गानें योजिलेलीं हाडें तीं हींच. त्यांच्या मधोमध, जननेंद्रिय आणि गुदद्वार यांच्या दरम्यान जो मऊ भाग असतो, त्यास वैद्यकांत ‘विटप’ असें म्हणतात. जननेंद्रियांस रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या आणि स्पर्शज्ञान नेणारे मज्जातंतु या भागांतून जातात. पुरुषांमध्यें मूत्रमार्गाचा कांहीं भागहि येथूनच, कातडीपासून फारशा खोलीवर नसतां, पुढें जातो. समोरच्या बाजूस वर जघनास्थि नांवाचें कठीण हाड आहे. खालून जोराचा आघात झाला कीं मधला मऊ भाग त्या हाडावर चेंगरतो. पाटा आणि वरवंटा यांच्यामध्यें बोट सांपडावें, तशी त्याची गत होते.

आतां सायकलीची रचना पाहूं. इंग्लंडांत जॉन केंप स्टार्ले यानें १८८५ सालीं ‘रोव्हर’ नांवाची सायकल काढली. तिचीं दोन्ही चाकें जवळजवळ सारख्या आकाराचीं असून मागलें चाक चेनीनें फिरत असे. त्या नमुन्यापासून पुढें जी चौकट रूढ झाली, तींत सीटपासून हँडलापर्यंत एक आडवी नळी असते. तिलाच आपण दांडी म्हणतों. दांडीमुळें चौकट बळकट होते. परंतु पायडलावरून पाय निसटला कीं स्वार नेमका तिच्यावरच आदळतो. स्त्रियांच्या पेहरावास सोयीची म्हणून दांडी खालीं उतरविलेली सायकल निघाली. शिकाऊ मुलांसहि तीच अधिक निर्धोक होय. तिला ‘मुलींची सायकल’ म्हणून हिणविण्यांत शहाणपण नाहीं.

अकस्मात् होणाऱ्या दुखापतींचें पहिलें कारण म्हणजे अंगापेक्षां मोठी सायकल. घरांत एकच सायकल असते, ती वडिलांची असते, आणि दहाबारा वर्षांचा मुलगा तीवरच शिकतो. प्रथम तो दांडीखालून पाय घालून कैंची चालवितो. मग उत्साहाच्या भरांत दांडीवरून पाय टाकून सीटवर चढतो. चालतांना सर्व ठीक असतें. पण थांबतांना पाय जमिनीस पुरत नाहींत आणि सारा भार दांडीवर येतो. सायकल आपल्या मापाची आहे किंवा नाहीं, हें ओळखण्याची सोपी रीत अशी: सीटच्या पुढें, दांडीच्या दोन्ही बाजूंस पाय टाकून, तळवे जमिनीवर सपाट टेकून उभें राहावें. दांडी आणि जांघ यांमध्यें निदान दोन बोटें जागा राहिली पाहिजे. खडकाळ वाटेनें जावयाचें असल्यास त्याहूनहि अधिक. जागा राहत नसेल, तर सीट कितीहि खालीं केली तरी ती सायकल आपली नव्हे.

दुसरें कारण चेनीचें. यवतमाळ शहर पठारावर वसलेलें आहे आणि जिल्ह्यांत डोंगराळ भाग पुष्कळ आहे. म्हणून सायकलस्वारास चढ आणि उतार चुकत नाहींत. चढावर मुलें सीट सोडून उभीं राहतात आणि सगळें वजन एका पायडलावर देतात. अशा वेळीं सैल झालेली चेन दांत्यांवरून उतरली, झिजलेलें फ्रीव्हील सुटलें किंवा गुळगुळीत पायडलावरून ओला पाय घसरला, तर पायाखालचा आधार एकाएकीं नाहींसा होऊन शरीर सरळ दांडीवर कोसळतें. चेन सैल पडली आहे काय, पायडल डगमगतें काय, हें आठवड्यांतून एकदां पाहावें. चढ अवघड असेल तर उतरून सायकल हातीं धरून चालावें. त्यांत कमीपणा नाहीं.

तिसरें कारण वाटेचें. आपल्याकडील काळी माती पावसाळ्यांत चाकास चिकटून मडगार्डांत भरते आणि चाक जागच्या जागीं अडतें. हिवाळ्यांत तीच माती वाळते आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या दगडासारख्या कठीण होतात. चाकोरींत पुढलें चाक अडकलें कीं हँडल वळतें आणि स्वार सीटवरून पुढें, दांडीवर, फेंकला जातो. अशा वाटेवर वेग कमी करावा. खड्डा किंवा गतिरोधक दिसतांच दोन्ही पायडलें एका पातळींत आणून, गुडघे किंचित् वांकवून, सीटवरून थोडें उचलून घ्यावें. म्हणजे धक्का जांघेस न बसतां पायांत जिरतो. ब्रेक लावतांना केवळ पुढलाच एकदम आवळूं नये. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावे.

चौथें कारण ओझ्याचें. एरव्हीं आपण डावा पाय पायडलावर ठेवून उजवा पाय सीटच्या मागून टाकतों. कॅरिअरवर चाऱ्याचा भारा किंवा कापसाचें बोचकें असलें म्हणजे मागून पाय टाकतां येत नाहीं; मग मुलगा चालत्या सायकलीवर पुढून, दांडीवरून, पाय टाकूं पाहतो आणि तोल जातो. ओझें असतांना सायकल उभी करून, ती एका बाजूस कलती धरून, सावकाश बसावें. हँडलाच्या टोकांचें रबर निघालें असल्यास ताबडतोब नवें बसवावें. पडतांना तें उघडें, धारदार टोंक पोटांत किंवा जांघेंत रुतून खोल जखम होते.

येथवर आघाताचा विचार झाला. दुसऱ्या प्रकारची इजा हळूहळू होते. सीटचें टोंक वर उचललेलें असलें, सीट फार अरुंद असली किंवा हँडल फार दूर असल्यामुळें पुढें ओणवें व्हावें लागलें, तर भार बैठकीच्या हाडांवरून सरकून विटपावर येतो. तेथील मज्जातंतु व रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि तो भाग बधिर होतो किंवा मुंग्या येतात. पुष्कळ जण याकडे दुर्लक्ष करतात. परंतु बधिरपणा ही शरीरानें वाजविलेली घंटाच होय. दीर्घकाळ स्वारी करणाऱ्यांच्या या त्रासाची जाणीव फार जुनी आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटीस याच्या नांवावर असलेल्या ग्रंथांत सिथियन लोकांच्या जननशक्तीच्या व्याधींचें एक कारण सततची अश्वारोहणाची संवय असें सांगितलें आहे. अलीकडे, २००८ सालीं, अमेरिकेंत सायकलीवरून गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढें टोंक नसलेली सीट सहा महिने वापरल्यावर, सायकल चालवितांना बधिरपणा अजिबात न येणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा २७ वरून शेंकडा ८२ वर गेलें. मनुष्य तोच, काम तेंच. बदलली ती केवळ सीट.

अर्थात् प्रत्येकानें तसली सीट आणावी असें नाहीं. घरच्या सायकलीवरहि पुष्कळ करतां येतें. सीट जमिनीशीं समांतर ठेवावी. तिची उंची अशी ठेवावी कीं, पायडल अगदीं खालीं असतांना त्यावर टांच टेकली तर पाय सरळ व्हावा. मग पायाचा पुढला भाग ठेवून चालवितांना गुडघा किंचित् वांकलेला राहतो. सीट फार उंच ठेवल्यास कंबर दोन्ही बाजूंस हेलकावे खाते, जांघेचे स्नायु ताणले जातात आणि कातडी घांसते. लांबच्या प्रवासांत दर दहा मिनिटांनीं अर्धा मिनिट सीटवरून उठावें. बधिरपणा आलाच तर उतरून थोडें चालावें. कपडे सैल लोंबणारे नसावेत, आणि जाड शिवण बसण्याच्या जागीं येऊं नये. उन्हाळ्यांत घामानें जांघ ओली राहून कातडी सोलवटते. म्हणून घरीं येतांच तो भाग धुऊन कोरडा करावा व स्वच्छ वस्त्र नेसावें.

इतकी काळजी घेऊनहि अपघात झालाच तर काय करावें? लागतांच स्वस्थ पडून राहावें आणि फडक्यांत गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची घडी दहा पंधरा मिनिटें ठेवावी. तेल चोळूं नये, गरम शेक देऊं नये, दाबून पाहूं नये. किरकोळ मार असल्यास वेदना लवकरच ओसरूं लागते. परंतु वेदना तासाभरांत कमी न झाली, सूज वाढूं लागली, तो भाग काळानिळा पडला, लघवीच्या द्वारीं किंवा लघवींत रक्त दिसलें, लघवी होईनाशी झाली, अथवा वांत्या झाल्या, तर क्षणाचाहि विलंब न लावतां इस्पितळ गांठावें. लघवी होत नसल्यास जोर करूं नये. कारण मूत्रमार्ग फाटला असण्याचा संभव असतो. १०८ क्रमांकावर फोन केल्यास रुग्णवाहिका विनामूल्य येते. मुलींनाहि अशीच सूज, रक्तस्राव किंवा लघवीचा अडथळा होऊं शकतो. त्यांनीं तें आईस किंवा शिक्षिकेस तात्काळ सांगावें.

आणखी एक गोष्ट मुलांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. कधीं मार लागल्यावर, तर कधीं कांहींच कारण नसतां, झोंपेंतसुद्धां, वृषणग्रंथि आपल्याच देठाभोंवतीं पिळली जाते आणि तिचा रक्तपुरवठा बंद पडतो. बारा ते अठरा या वयांत हा विकार अधिक आढळतो. सुमारें सहा तासांच्या आंत शस्त्रक्रिया झाल्यास ती ग्रंथि बहुधा वांचते. उशीर झाल्यास ती कायमची गमवावी लागण्याची भीति असते. पुष्कळ वेळां हे सहा तास अंतरामुळें नव्हे, तर लाजेमुळें निघून जातात. सांयकाळीं लागलें, मुलानें रात्र कण्हत काढली आणि सकाळीं असह्य झाल्यावर सांगितलें, तर निष्णात शल्यवैद्याचाहि उपाय चालत नाहीं. जांघेंत गांठ किंवा फुगवटा दिसल्यास तोहि दडवूं नये. तो अंतर्गळ असूं शकतो आणि त्यावर चांगला उपाय आहे.

पालकांनीं व शिक्षकांनींहि येथें आपलें कर्तव्य ओळखावें. मुलगा अशी तक्रार घेऊन आला असतां कोणी हंसलें, तर तो दुसऱ्यांदा येणार नाहीं. ज्या घरांत आणि ज्या वर्गांत हाताच्या जखमेइतक्याच साधेपणानें या दुखापतीविषयीं बोलतां येतें, तेथील मुलांचें अर्धें रक्षण आपोआप होतें.

विद्यार्थिमित्रांनो, आपलें शरीर ही ईश्वरानें आपल्या हवालीं केलेली ठेव आहे. तिचा एक भाग आदराचा आणि दुसरा लाजेचा असा भेद त्यानें केलेला नाहीं. मापाची सायकल, घट्ट चेन, समपातळींत सीट आणि सावध दृष्टि, एवढ्यानें बहुतेक अपघात टळतात. जो टळणार नाहीं, त्यावर पहिलें औषध म्हणजे वेळींच उच्चारलेले चार शब्द: “मला येथें लागलें आहे.”