युद्धकाळातील बंदरे आणि सरकारी वही

पेशवाईतल्या लावणीत स्वारीवर गेलेल्या शिलेदाराची स्त्री आपली तळमळ इतक्या मोकळेपणाने सांगते की, पुढे इंग्रजी अमदानीच्या संस्कारांत वाढलेल्या आपल्याच पणजोबांना त्या लावण्या चारचौघांत वाचण्याची लाज वाटू लागली. नवरा परमुलखात आहे अशा स्त्रीला संस्कृत साहित्यशास्त्राने प्रोषितभर्तृका म्हणून नायिकांच्या मालिकेत मानाचे स्थान दिले. पेशव्यांच्या सरकारने मात्र, तिच्या हातून काही बदअमल घडलाच, तर त्याबद्दल गुन्हेगारी, म्हणजे रोख दंड, वसूल करून तो जमाखर्चात लिहून ठेवला. काव्याने सहानुभूती दाखवावी आणि कचेरीने हिशेब ठेवावा ही विभागणी अशी जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धाने तीत फरक केला तो एवढाच की, कचेरी अतोनात मोठी झाली.

युद्ध आले की नीती सैल होते, असे सर्रास म्हटले जाते, आणि खलाश्यांच्या बाबतीत तर ते सिद्ध करण्याचीही कोणाला गरज वाटत नाही. बंदराबंदराला एक मैत्रीण ही त्यांची ख्याती शिडाच्या जहाजांच्या काळापासूनची आहे. परंतु स्त्री-पुरुषांच्या जुन्या रीतिभाती ज्या आधारावर उभ्या होत्या तो आधार धर्मवचनांचा असण्यापेक्षा सवडीचा अधिक होता, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. ओळख व्हावी, घरच्यांनी विचारपूस करावी, वाङ्‌निश्चय व्हावा, वर्ष-दीड वर्ष थांबावे आणि मग लग्न व्हावे, या क्रमाला पुढल्या वर्षी दोघेही जिवंत असतील असे गृहीत धरावे लागते. ज्याचे जहाज गुरुवारी पहाटे काफिल्याबरोबर अटलांटिकमध्ये शिरणार आहे त्याला हे गृहीत धरता येत नव्हते, आणि त्याच्याबरोबर नाचणाऱ्या मुलीलाही ते ठाऊक होते. त्यांच्यापाशी नीती उणी नव्हती, सवड उणी होती. आणि सवडीअभावी जे घडले त्याचा हिशेब कोणाच्या नावावर लिहायचा, हा प्रश्न त्या त्या सरकारांनी जवळजवळ एकाच पद्धतीने सोडविला.

ती पद्धत युद्धाने शोधून काढलेली नव्हती. आरमारातील माणसे गुप्तरोगांनी निकामी होतात म्हणून इंग्लंडमध्ये १८६४ पासून जे सांसर्गिक रोगांचे कायदे झाले, त्यांनी पोर्ट्समथ, प्लिमथ यांसारख्या ठिकाणी संशयित स्त्रीला पकडून सक्तीने तपासण्याचा अधिकार पोलिसांना दिला. तिच्याकडे जाणाऱ्या नाविकाला कोणी तपासीत नसे. हिंदुस्थानात १८६८ साली त्याच धर्तीचा कायदा होऊन मुंबईतही त्याचा अंमल झाला. जोसेफिन बटलर या बाईंनी विलायतेत वर्षानुवर्षे चालविलेल्या चळवळीमुळे तेथील कायदे १८८६ साली आणि येथील १८८८ साली रद्द झाले. रद्द झाले ते कायदे. त्यांमागची समजूत, म्हणजे रोग स्त्रीकडून पुरुषाकडे वाहतो आणि कधी उलट वाहत नाही ही, शाबूत राहिली.

या समजुतीचे सर्वांत नमुनेदार दर्शन होनोलुलू शहरात घडले. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर जपानी विमानांचा हल्ला झाला आणि त्याच दिवशी हवाई बेटांवर लष्करी अंमल जारी झाला, तो १९४४ च्या ऑक्टोबरपर्यंत उठला नाही. लष्करी आणि आरमारी तळांच्या आसपास वेश्याव्यवसाय करणे हा अमेरिकेच्या मध्यवर्ती कायद्याने १९४१ च्या जुलैतच गुन्हा ठरविला होता. तथापि होनोलुलूच्या हॉटेल स्ट्रीट भागातील पंधराएक कुंटणखाने पोलिसांच्या देखरेखीखाली उघड चालत होते, आणि त्यांतील सुमारे अडीचशे स्त्रिया वार्षिक १ डॉलर भरून, ‘करमणूक करणाऱ्या’ या सोज्ज्वळ सदराखाली, नोंदविल्या जात होत्या. दर ३ डॉलर आणि वेळ ३ मिनिटे. रात्री संचारबंदी आणि दिवेबंदी असल्यामुळे हा व्यवहार भर दिवसा चाले. पांढऱ्या गणवेशातील नाविकांच्या रांगा रस्त्यावर उन्हात उभ्या असत आणि कामाला निघालेली गृहस्थमंडळी त्यांच्या शेजारून जात. ज्या समाजाने ही गोष्ट शतकानुशतके अंधारात ठेवली होती, त्यालाच दिवेबंदीने ती उजेडात आणावयास लावली, या विनोदाची दखल त्या वेळी कोणी घेतली असेल असे वाटत नाही.

या स्त्रियांना पोलिसांनी घालून दिलेले नियम वाचले म्हणजे त्या व्यवहाराचा धनी कोण होता ते कळते. वायकीकीच्या किनाऱ्यावर जाऊ नये, घर किंवा मोटार विकत घेऊ नये, नाचाच्या जलशांना जाऊ नये, कोणा एकाशी कायमचे सूत जमवू नये, सैनिकाशी लग्न करू नये, रात्री साडेदहानंतर बाहेर दिसू नये. त्यांची मिळकत गावातल्या कारकुनाच्या कितीतरी पट होती, परंतु ती खर्चून माणसासारखे राहण्याची त्यांना मुभा नव्हती. हल्ल्याच्या दिवसांत जखमींसाठी त्यांनी आपल्या खोल्या मोकळ्या करून दिल्या, शुश्रूषेला हातभार लावला, आणि त्या धामधुमीत काही जणी शहराच्या चांगल्या वस्त्यांत राहावयास गेल्या. धामधूम ओसरल्यावर पोलिसांनी त्यांना परत कुंटणखान्यांत पाठविण्याचा घाट घातला, तेव्हा १९४२ साली त्यांनी चक्क संप पुकारला. सुमारे तीन आठवडे त्या फलक घेऊन पोलीस कचेरीसमोर आणि लष्करी गव्हर्नरची कचेरी असलेल्या इओलानी राजवाड्यासमोर फेऱ्या घालीत होत्या. त्यांची मागणी दरवाढीची नव्हती; हव्या त्या गल्लीत राहण्याची आणि कामावरून सुटल्यावर रस्त्याने फिरण्याची होती. ती बव्हंशी मान्यही झाली, कारण हजारो नाविकांच्या शिस्तीचा प्रश्न असताना संप लांबणे लष्कराला परवडणारे नव्हते. दोन वर्षांनी, युद्धाचे तोंड पश्चिमेकडे सरकल्यावर, १९४४ च्या सप्टेंबरात हवाईचे नागरी गव्हर्नर स्टेनबॅक यांच्या हुकमाने ते सारे कुंटणखाने बंद झाले. गरज सरली, आणि नीती परत आली.

अमेरिकेच्या मुख्य भूमीवर चित्र वेगळे होते. तेथे पोलिसांच्या आणि आरोग्यखात्याच्या रोषाला पात्र झाल्या त्या धंदा न करणाऱ्या मुली. गणवेशाच्या आकर्षणाने आणि थोड्याशा देशभक्तीनेही बंदरांच्या स्थानकांवर घुटमळणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरी. त्यांना ‘व्हिक्टरी गर्ल’ असे हेटाळणीचे नाव पडले. नाविकाला जहाजावरून उतरताना रोगप्रतिबंधक साहित्य हाती दिले जाई आणि परतताना औषधोपचार. मुलीला मात्र कित्येक गावांत संशयावरून अटक आणि सक्तीची तपासणी. दोघांची कृती एक, आणि वहीत ती लिहिण्याची पाने दोन. १९४३-४४ मध्ये पेनिसिलिन सैन्याच्या हाती आल्यावर उपदंश आणि परमा यांची दहशत पुष्कळ कमी झाली. भीतीवर उभारलेला संयम भीती गेल्यावर किती टिकतो, याचा विचार उपदेशकांनी आधीच करून ठेवावयास हवा होता.

पैशाची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. १९४२ च्या कायद्याने अमेरिकन शिपायाच्या व नाविकाच्या पत्नीला दरमहा ५० डॉलर मिळू लागले: २२ त्याच्या पगारातून कापून घेतलेले आणि २८ सरकारचे. शिवाय तो कामी आला तर १०,००० डॉलरपर्यंतचा विमा. बंदरात दोन दिवसांच्या ओळखीवर लागणाऱ्या लग्नांमागे सगळीकडे प्रेमच होते असे नाही. काही बायकांनी एकाच वेळी चार-पाच नाविकांशी लग्ने लावून चार-पाच तनखे चालू ठेवले आणि त्या तुरुंगात गेल्या. वर्तमानपत्रांनी त्यांची फार चवीने चर्चा केली. पण अशा बायका मोजक्या होत्या, आणि तो तनखा येतो म्हणून सासूच्या हाताखालून निघून स्वतंत्र खोली घेणाऱ्या, कारखान्यात जाणाऱ्या, स्वतःच्या नावाचे बँकेचे पुस्तक प्रथमच हाती धरणाऱ्या सुना असंख्य होत्या. त्यांच्याविषयी बातमी कशाला येईल?

इंग्लंडमध्ये नाविक आणि स्त्री यांच्यातील अंतर दुसऱ्याच वाटेने कमी झाले. स्त्रियांचे नौदल, ज्यातील स्त्रियांना तेथे ‘रेन’ म्हणत, १९३९ साली पुन्हा उभे राहिले आणि १९४४ पर्यंत त्यांची संख्या सत्तर हजारांवर गेली. लिव्हरपूलच्या डर्बी हाऊस इमारतीच्या तळघरात अटलांटिकच्या लढाईचे मुख्य ठाणे होते; तेथे विशीच्या आतबाहेरच्या मुली भिंतीएवढ्या नकाशावर काफिल्यांच्या आणि जर्मन पाणबुड्यांच्या जागा अहोरात्र सरकवीत असत. जानेवारी १९४२ मध्ये तेथेच निघालेल्या डावपेचांच्या शाळेत तर या मुली जमिनीवर आखलेल्या समुद्रावर लाकडी जहाजे मांडून, समुद्रावर आयुष्य काढलेल्या अधिकाऱ्यांना, पाणबुडी कोठून येते ते शिकवीत. खलाश्याच्या बायकोला नवऱ्याच्या कामाची माहिती त्याच्या तोंडूनच, तीही त्याने सांगितली तर, कळावी ही हजारो वर्षांची रीत. येथे एखादीला आपल्या माणसाचे जहाज कोठे आहे हे त्याच्या आईच्या आधी आणि कधी कधी त्याच्याही आधी ठाऊक असे, आणि ते कोणापाशी बोलण्याची बंदी असे. असल्या मुलीने युद्धानंतर खिडकीशी बसून वाट पाहण्यात धन्यता मानावी, ही अपेक्षा मला तरी भाबडी वाटते. गंमत अशी की, नौदलाच्या शिस्तीचा कायदा या स्त्रियांना लागूच नव्हता; कायद्याच्या दृष्टीने त्या नागरिकच होत्या.

या काळात इंग्लंडात अनौरस संततीचे प्रमाण खूप वाढले आणि त्यावरून धर्मपीठांनी मोठा आक्रोश केला. परंतु खुद्द तेथील जन्मनोंदणी खात्याच्याच आकड्यांनी त्या आक्रोशातील हवा काढून घेतली. युद्धापूर्वीही मोठ्या संख्येने वधू विवाहाच्या वेळी गरोदर असत. मूल जन्मण्याआधी घाईने लग्न उरकले जाई आणि बभ्रा होत नसे. अशा रीतीने सावरून घेतलेल्या प्रकरणांचे प्रमाण पूर्वी सत्तर टक्क्यांच्या आसपास होते, ते १९४५ मध्ये चाळिसांच्याही खाली आले, कारण लग्न करावयाचा तो पुरुष भूमध्य समुद्रात तरी होता, सिंहलद्वीपात तरी होता किंवा समुद्राच्या तळाशी होता. आचरणात जो बदल झाला त्याहून कितीतरी मोठा बदल ते झाकण्याच्या सोयीत झाला होता.

घटस्फोटांचा तोवरचा उच्चांक १९४७ साली झाला. इंग्लंड व वेल्समध्ये त्या एका वर्षात साठ हजारांवर विवाह मोडले. घाईने जुळलेले सगळेच मोडले असे मात्र नाही. जानेवारी १९४६ मध्ये ‘अर्जेंटिना’ हे जहाज साडेचारशे ब्रिटिश वधूंना घेऊन साउथँप्टनहून न्यूयॉर्कला निघाले. त्याच वर्षी ‘व्हिक्टोरियस’ ही विमानवाहू युद्धनौका ऑस्ट्रेलियन वधूंना घेऊन इंग्लंडला आली. त्यांतल्या बहुतेकींचे संसार झाले.

पण ज्यांच्या संसाराला सरकारने जागाच दिली नाही, त्यांची हकीगत या सगळ्याच्या मुळाशी नेते. ब्रिटिश व्यापारी जहाजे ब्रिटिशांच्या एकट्याच्या बळावर कधीच चालली नाहीत. आपल्या रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी, त्यांचे सारंग आणि टंडेल, मुंबईच्या धोबीतलावावरील गावोगावच्या कुडींतून, म्हणजे गाववाल्यांच्या सामाईक बिऱ्हाडांतून, निघालेले गोमंतकीय खानसामे आणि स्वयंपाकी, सिल्हेटचे बंगाली आगवाले यांच्याशिवाय ती नांगर उचलू शकली नसती. युद्धात हिंदी खलाश्यांपैकी ६,००० हून अधिक प्राणांस मुकले. त्यांचे करारनामे असे असत की, त्यांना विलायतेच्या बंदरात मोकळे सोडावयाचेच नाही, हिंदुस्थानात आणूनच हिशेब चुकता करावयाचा. तरीही काही जण तेथे राहिले आणि तेथल्या बायकांशी त्यांनी संसार केले.

लिव्हरपूलमध्ये हाच प्रकार चिनी खलाश्यांचा. युद्धकाळात त्या बंदरात वीस हजारांच्या आसपास चिनी खलाशी नोंदविलेले होते. ब्लू फनेल कंपनीच्या मालवाहू आणि तेलकंपन्यांच्या टँकर बोटी त्यांच्या हातांवर चालत. गोऱ्यांच्या मानाने त्यांचा पगार फार थोडा, युद्धभत्ता त्याहून थोडा. १९४२ साली संप करून त्यांनी त्यात काही वाढ पदरात पाडून घेतली, आणि तेव्हाच कंपन्यांच्या व सरकारच्या मनात त्यांच्याविषयी आकस बसला. त्यांच्यापैकी कित्येकांनी लिव्हरपूलच्या मुलींशी लग्ने केली होती. चिनी नवरे जुगार खेळत असतील, पण पगार घरी आणतात आणि दारू पिऊन मारीत नाहीत, असे त्या भागातल्या बायका म्हणत, आणि बंदरगावात ही शिफारस हलकी नव्हे.

१९ ऑक्टोबर १९४५ रोजी लंडनच्या गृहखात्यात एक बैठक झाली आणि ‘अनिष्ट’ चिनी खलाश्यांच्या सक्तीच्या पाठवणीचे प्रकरण सुरू झाले. रात्री घरांवर छापे पडले. कोणी तंबाखू आणावयास म्हणून बाहेर पडला तो परतलाच नाही. १९४६ चा उन्हाळा सरेपर्यंत हजाराहून अधिक माणसे बोटींवर चढविली गेली. ब्रिटिश पत्नी असलेल्यांना राहण्याचा हक्क सांगता आला असता, परंतु तसे त्यांना कोणी कळविले नाही. आणि एका अधिकाऱ्याने तर अहवालात लिहून टाकले की, या बायकांपैकी पुष्कळ वेश्यावर्गातील असून नवऱ्यांबरोबर चीनला जाण्याची त्यांची इच्छा असणार नाही. होनोलुलूत ज्या सदराला ‘करमणूक’ हे नाव दिले होते, ते येथे धर्माने लग्न लागलेल्या स्त्रीच्या कपाळी, तिला न विचारता, मारले गेले.

त्या बायकांना दाद मागावयाची तर कोणत्या नात्याने, हाही प्रश्नच होता. परकीयाशी विवाह केल्यामुळे त्यांचे स्वतःचे ब्रिटिश नागरिकत्व गेलेले होते. जन्मगावातच त्या परदेशी ठरल्या होत्या. १९४६ च्या ऑगस्टात त्यांनी एकत्र येऊन खटपट केली, तिचा उपयोग झाला नाही. पुष्कळींना नवरा सोडून पळाला असेच वाटत राहिले आणि मुलांनाही त्यांनी तेच सांगितले. कायद्यात दुरुस्ती होऊन १ जानेवारी १९४९ पासून अशा स्त्रियांचे नागरिकत्व परत मिळाले; शांघाय आणि सिंगापूरकडे नेलेले नवरे मात्र त्या कायद्याच्या कक्षेत येत नव्हते.