पांढरा झगा, निळा गणवेश

‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ असे आपण सहज बोलून जातो. मुलाला मुलाखतीला पाठवताना त्याच्या शर्टाला इस्त्री आहे ना हे आई दोनदा पाहते, ते याच शहाणपणापोटी. पण कपड्याचे दहा नूर इतके झळकू लागले की आतला माणूसच दिसेनासा झाला, तर? तसे झाल्याचे एक उदाहरण दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या एका छायाचित्रात मला सापडते.

हे छायाचित्र बहुतेकांच्या नजरेखालून गेलेले असणार. तारीख १४ ऑगस्ट १९४५, स्थळ न्यूयॉर्कचा टाइम्स स्क्वेअर. जपान शरण येत असल्याची वार्ता पसरली होती आणि चौकात माणसांचा पूर लोटला होता. त्या गर्दीत एका खलाशाने एका तरुणीला कवेत घेऊन, मागे वाकवून तिचे चुंबन घेतले आहे. घरात वडीलधारी मंडळी असतील तर पान झटकन उलटावे, असेच चित्र! ‘लाइफ’ साप्ताहिकाचे आल्फ्रेड आयझेनस्टाट यांनी ते टिपले आणि २७ ऑगस्टच्या अंकात ते छापून आले. युद्ध संपल्याच्या आनंदाचे प्रतीक म्हणून ते जगभर गाजले.

माझी वाचकांना विनंती एवढीच, की घटकाभर त्या चुंबनाकडे काणाडोळा करा आणि नुसते कपडे पाहा.

खलाशाच्या अंगावर गडद निळा गणवेश आहे. डोक्यावर पांढरी गोल टोपी आहे. तो कामावर होता असे मात्र समजू नका. युद्धकाळात अमेरिकन सैनिकाला रजेवर असतानाही साधे कपडे घालण्याची मुभा नव्हती. मैत्रिणीला घेऊन सिनेमाला जायचे, तरी देशाचे आरमार अंगावर वागवतच जायचे!

तरुणीचा झगा पांढरा, पायमोजे पांढरे आणि बूटही पांढरे. एवढ्यावरून सगळ्या जगाने ठरवून टाकले, की ही परिचारिका.

आता मागच्या गर्दीतल्या बायकांकडे वळा. त्यांचे झगे गुडघ्याशीच थांबलेले आणि बेताच्या घेराचे आहेत. ही निव्वळ फॅशनची लहर नव्हती. ८ एप्रिल १९४२ रोजी अमेरिकेच्या युद्धोत्पादन मंडळाने ‘एल-८५’ नावाचा हुकूम काढला होता. झग्याची लांबी किती, घेर किती, हे त्यात ठरवून दिलेले होते. खालची दुमड दोन इंचांहून जास्त ठेवायची नाही, असाही नियम होता. पुरुषांच्या विजारींची तळाशी बाहेर वळवलेली पट्टीही याच काळात गेली. वाचलेले कापड सैन्याकडे जायचे. शिंप्याच्या टेपवर सरकारची अशी नजर आपल्याकडेही वेगळ्या रूपाने आली होतीच. १९४३ साली निघालेल्या नियंत्रण हुकमाने इथले कापड आणि सूत सरकारी अमलाखाली आले.

पायमोज्यांची कथा तर याहून नवलाची. रेशीम येई जपानहून. ते १९४१ साली बंद झाले. नायलॉनचे मोजे मे १९४० मध्ये अमेरिकाभर विक्रीला आले होते, पण दोन वर्षांत ते सगळे नायलॉन हवाई छत्र्या आणि दोरखंडांसाठी गेले. मग बायका पायांना रंग फासून मागे पेन्सिलीने शिवणीची रेघ ओढू लागल्या, म्हणजे लांबून मोजे घातल्यासारखे दिसावे! चामड्याच्या बुटांवरही फेब्रुवारी १९४३ पासून रेशनिंग आले. माणशी वर्षाला तीन जोड. युद्धानंतर, जून १९४६ मध्ये, पिट्सबर्ग शहरात तेरा हजार नायलॉन मोजेजोडांसाठी चाळीस हजार माणसे रांगेत उभी राहिली. फेब्रुवारी १९४७ मध्ये पॅरिसच्या क्रिस्तियाँ दिओरने भरपूर घेराचे लांब झगे आणले, तेव्हा कुठे काटकसरीचा हा काळ कपड्यांतून ओसरू लागला.

इंचाइंचाचा असा हिशेब चाललेल्या काळात माणसाची ओळखही कपड्यावरून होऊ लागली, यात नवल ते काय? गणवेश दिसला की माणूस कळला, अशीच सगळ्यांची समजूत.

खुद्द आयझेनस्टाट यांनीच पुढे सांगितले आहे, की तो खलाशी रस्त्याने धावत भेटेल त्या स्त्रीला कवेत घेत चालला होता आणि ते कॅमेरा घेऊन त्याच्या पुढे पळत होते. एकाएकी त्यांना पांढरे काहीतरी दिसले. तिचे कपडे गडद असते किंवा खलाशाचा गणवेश पांढरा असता, तर आपण हे चित्र घेतलेच नसते, अशी त्यांची कबुली आहे. म्हणजे चित्र जमले ते कपड्यांमुळे.

आणि चुंबन? ते चित्र आपलेच, असे सांगणाऱ्यांत जॉर्ज मेंडोन्सा हा खलाशी आणि ग्रेटा झिमर ही तरुणी यांचा दावा सर्वांत प्रसिद्ध आहे. पॅसिफिकच्या लढाईत होरपळलेल्या सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका मेंडोन्साने पाहिल्या होत्या. चौकात पांढरे कपडे दिसताच त्याला त्यांची आठवण झाली आणि कृतज्ञतेच्या भरात, शिवाय थोड्या मद्याच्या अमलात, त्याने तिला ओढून घेतले. त्या वेळी त्याची मैत्रीण रीटा बरोबरच होती, आणि पुढे तिच्याशीच त्याचे लग्न झाले!

पण ग्रेटा परिचारिका नव्हतीच. ती एका दंतवैद्याच्या दवाखान्यात मदतनीस होती आणि बातमी खरी का, हे पाहायला जेवणाच्या सुट्टीत चौकात आली होती. ती मूळची ऑस्ट्रियातली ज्यू; १९३९ साली, पंधराव्या वर्षी, बहिणींबरोबर अमेरिकेत आली. मागे राहिलेले आईवडील नाझींच्या संहारात गेले. युद्ध संपल्याच्या आनंदाचे प्रतीक म्हणून जग जिच्याकडे पाहत आले, तिचे दुःख त्या पांढऱ्या झग्यावर कुठे लिहिलेले असणार?

पुढे मुलाखतीत तिने स्पष्टच सांगितले, की चुंबन घेणे ही काही तिची निवड नव्हती. त्या माणसाने येऊन पकडले, आणि तो फार ताकदवान होता. त्याच्याबद्दल तिने मनात आकस धरला नाही. पण चित्राकडे प्रेमिकांची जोडी म्हणून पाहणाऱ्यांना तिचे हे शब्द विचारात घ्यावेच लागतात. निळ्या गणवेशाला त्या दिवशी सारे माफ होते आणि पांढऱ्या झग्याची संमती कोणी विचारलीच नाही.

ही दोघे तीच, हे सर्वांना मान्य नाही. खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड ऑल्सन यांनी इमारतींच्या सावल्यांवरून चित्राची वेळ संध्याकाळी पाच वाजून एक्कावन्न मिनिटे अशी काढली, आणि ती या दोघांच्या हकिकतीशी जुळत नाही. १९८० साली ‘लाइफ’ने चौकशी केली, तेव्हा कितीतरी पुरुष ‘तो मीच’ म्हणून पुढे आले. एडिथ शेन नावाच्या परिचारिकेनेही ती तरुणी आपणच असल्याचे सांगितले होते. चित्रात चेहरे झाकलेले आहेत आणि दिसतात ते कपडे. तसा निळा गणवेश आणि तसा पांढरा झगा त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये कितीजणांच्या अंगावर असेल, याची गणती कोण करणार?

ग्रेटा २०१६ साली वारली, मेंडोन्सा २०१९ साली. त्याच्या मृत्यूनंतर लगेचच फ्लोरिडातल्या सारासोटा येथील या प्रसंगाच्या पुतळ्यावर कुणीतरी तांबड्या रंगाने ‘मी टू’ असे लिहिले, तेही त्या तरुणीच्या पायमोज्यावर. २०२४ साली हे चित्र माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतून काढावे असा आदेश निघाला आणि वरिष्ठांनी तो लगोलग रद्द केला. वाद अजून मिटलेला नाही.

ग्रेटाने हे छायाचित्र प्रथम पाहिले ते प्रसंगानंतर कितीतरी वर्षांनी, एका पुस्तकात. चेहरा दिसत नसूनही तिने स्वतःला ओळखले. आकृतीवरून, केसांच्या ठेवणीवरून आणि अंगावरच्या कपड्यांवरून. त्या दिवशी तेच कपडे घालून ती दवाखान्यात परतली होती. चौकात काय चालले आहे ते तिने डॉक्टरांना सांगितले. त्यांनी उरलेल्या रोग्यांच्या वेळा रद्द करायला लावल्या आणि दवाखाना बंद करून तिला घरी पाठवले.